हाताशी असलेलं टेबल

घरातल्या सगळ्या फर्निचरमध्ये आपला हात न बघता जिच्याकडे जातो अशी वस्तू म्हणजे बाजूचं छोटं टेबल. वाचता वाचता चष्मा काढला की तो तिथे ठेवला जातो. रात्री जाग आली तर अंधारातही पाण्याचा पेला तिथे सापडतो. फोन, किल्ल्या, अर्धवट राहिलेलं पुस्तक, हातातून क्षणभर सुटणारं सगळं त्याच्यावर विसावतं. तरीही पलंग, सोफा, कपाट घेताना घरात जेवढा खल होतो त्याचा दहावा हिस्साही साइड टेबलच्या वाट्याला येत नाही. ते बहुतेकदा सगळ्यात शेवटी येतं, उरलेल्या जागेत बसेल आणि बाकीच्या फर्निचरशी मॅच होईल असं.

मला मात्र मनापासून वाटतं की घरात जुनं फर्निचर आणायचं असेल तर सुरुवात इथूनच करावी. जुनं कपाट जागा अडवतं. जुना पलंग आजच्या गादीच्या मापाला जुमानत नाही. जुन्या खुर्चीवर रोज माणसाचं वजन पडतं आणि तिचे सांधे लवकर कुरकुरायला लागतात. छोट्या टेबलावर असा भार येत नाही, त्यामुळे शंभर-सव्वाशे वर्षांचं टेबलही रोजच्या वापरात सुखाने नांदतं. शिवाय ते उचलता येतं, उलटं करून बघता येतं, एका खोलीत नाही शोभलं तर दुसऱ्या खोलीत नेता येतं. जुनं लाकूड ओळखायला शिकायचं असेल तर यापेक्षा चांगला गुरू मला माहीत नाही.

हा प्रकार जन्मापासूनच फिरता आहे. अठराव्या शतकातल्या इंग्लंडमधल्या सुखवस्तू घरांत खुर्च्या-टेबलं भिंतीलगत उभी असायची. लागली की पुढे ओढायची, काम झालं की परत मागे. मधे एक खांब आणि खाली तीन पाय असलेली गोल तिपाई याच सवयीला सोयीची होती. तिची वरची फळी बिजागरीवर उभी करता यायची, म्हणजे कोपऱ्यात ती भिंतीला खेटून राहायची. पाय तीनच का, तर तीन टेकू कितीही ओबडधोबड जमिनीवर न डुगडुगता बसतात. चौथा आला की जमीन सपाट लागते. त्याच शतकाच्या उत्तरार्धात दोन्ही बाजूंना दुमडणाऱ्या फळ्यांची पेम्ब्रोक टेबलं लोकप्रिय झाली. १८०३ मध्ये इंग्लिश फर्निचर-रचनाकार थॉमस शेरेटन यांनी एकाच्या पोटात एक सरकणाऱ्या चार टेबलांच्या संचाचं वर्णन छापलं. सव्वाशे वर्षांनंतर, १९२६-२७ च्या सुमारास, बाउहाउस या जर्मन कलाशाळेतल्या जोसेफ आल्बर्स यांनी तीच कल्पना लाकूड आणि रंगीत काच वापरून नव्याने मांडली. आणि १९२७ मध्ये डिझायनर आयलीन ग्रे यांनी पोलादी नळीचं ते प्रसिद्ध टेबल रेखाटलं, ज्याची उंची कमी-जास्त करता येते आणि पाया पलंगाखाली सरकवला की वरची काच थेट अंथरुणावर येते. दीडशे-पावणेदोनशे वर्षांच्या या सगळ्या खटपटीत एक धागा मला स्पष्ट दिसतो: माणूस निवांत बसलेला आहे आणि टेबल उठून त्याच्यापाशी जातं. म्हणून साइड टेबल निवडताना मी खोलीचा विचार नंतर करते. तिथे कोण बसणार आहे आणि त्याचा हात कुठे पोचतो, हे आधी.

आता जुनं म्हणजे किती जुनं? अमेरिकेच्या सीमाशुल्क कायद्यात शंभर वर्षांहून जुन्या वस्तूला अँटीक मानतात आणि व्यापारातही साधारण हाच हिशेब चालतो. व्हिंटेजला, म्हणजे जुन्या पण अजून अँटीक न झालेल्या वस्तूला, अशी पक्की रेषा नाही. त्यामुळे १९५० च्या दशकातली डॅनिश सागवानी टेबलं अजून व्हिंटेजच आहेत, तर १९२० च्या दशकातली टेबलं एकेक करून शंभरी ओलांडताहेत. मला स्वतःला या वर्गवारीचं फारसं अप्रूप नाही. घडणावळ उत्तम असलेलं साठ वर्षांचं टेबल, दोनदा तुटून कसंबसं जोडलेल्या दीडशे वर्षांच्या टेबलापेक्षा मी केव्हाही आधी घेईन. पण कोणी अँटीक म्हणून काही दाखवलं, तर ते खरंच तसं आहे का हे कळायला हवं. आणि इथे घाटावर, म्हणजे वरून दिसणाऱ्या आकारावर, विसंबून चालत नाही. इंग्लंडमधले फर्निचर कारागीर थॉमस चिपेनडेल यांनी १७५४ मध्ये आपल्या आराखड्यांचं पुस्तक छापलं आणि तेव्हापासून त्या घाटाच्या वस्तू पिढ्यान् पिढ्या बनत राहिल्या. वळणदार पाय आणि पंजाने धरलेला गोळा पाहून टेबलाची शैली समजते. वय समजायला ते उलटं करावं लागतं.

टेबल उलटं करणं हा माझ्यासाठी या सगळ्या व्यवहारातला सगळ्यात आनंदाचा भाग आहे. वरची बाजू लोकांसाठी केलेली असते, खालची कारागिराच्या सोयीसाठी. तिथे रंध्याचे हलके खोलगट पट्टे बोटांना लागतात, कारण न दिसणारी बाजू गुळगुळीत करण्यात वेळ घालवायचं कारण नव्हतं. करवतीच्या खुणा सरळ आणि किंचित अनियमित असतील तर फळी हाताने कापलेली असण्याची शक्यता मोठी. कमानीसारख्या वळलेल्या खुणा गोल चकतीच्या करवतीच्या, म्हणजे साधारणपणे एकोणिसाव्या शतकातल्या किंवा नंतरच्या. स्क्रू काढून बघू दिला तर त्याचं टोक पाहावं. यंत्रावर बनलेले अणकुचीदार स्क्रू १८४० च्या दशकानंतर रुळले. त्याआधीचे बोथट टोकाचे असत आणि डोक्यावरची खाच बरेचदा मध्यापासून सरकलेली असे. डोक्यावर अधिकचं चिन्ह असलेला फिलिप्स स्क्रू तर १९३० च्या दशकातला. अर्थात एक स्क्रू नंतर कधीतरी बदललेला असू शकतो. एका खुणेवरून निकाल देऊ नये. चार खुणा एकच गोष्ट सांगताहेत का, ते बघावं.

खण असेल तर तो पूर्ण बाहेर काढा. बाजूच्या आणि पुढच्या फळीचा जोड डव्हटेल असेल, म्हणजे कबुतराच्या शेपटीसारखे दाते एकमेकांत अडकवलेले असतील, तर ते दाते नीट न्याहाळा. हाताने पाडलेले दाते संख्येने कमी आणि रुंदीला कमी-जास्त असतात; जवळून पाहिलं तर कारागिराने आखलेली बारीक रेघही कधीकधी दिसते. यंत्राचे दाते एकसारखे. अमेरिकी फर्निचरमध्ये १८७० च्या दशकापासून शतक संपेपर्यंत एक वेगळाच जोड भेटतो, अर्धगोल खाचा आणि त्यात गोल खुंट्या असलेला, चार्ल्स नॅप यांच्या यंत्रावरचा. तो दिसला की खणाचा काळ जवळजवळ लिहूनच दिल्यासारखा आहे. मग खणाचा तळ आणि त्याच्या आतली जागा यांचे रंग ताडून पाहा. हवा लागलेलं कच्चं लाकूड काळवंडतं, झाकलेलं फिकं राहतं. जो भाग वर्षानुवर्षं झाकलेला असायला हवा तोच काळा असेल, तर ती फळी दुसऱ्या कुठल्या तरी फर्निचरमधून इथे आलेली आहे. एकाचा टॉप आणि दुसऱ्याचे पाय जोडलेली टेबलं बाजारात बरीच असतात. तशी असण्यात पाप नाही, पण तसं सांगितलेलं असावं.

आणखी एक खूण मला फार प्रिय आहे, कारण ती थेट हाताची आहे. लाकूड वाळताना रेषांच्या आडव्या दिशेने आकसतं. लांबीच्या दिशेने आकसणं जवळजवळ नगण्य. त्यामुळे जुन्या काळी अचूक गोल कापलेली फळी आज अचूक गोल राहिलेली नसते. रेषांच्या दिशेने मोजलेला व्यास आणि त्याला आडवा मोजलेला व्यास यांत काही मिलिमीटरचा फरक पडतो. हेच कातकाम केलेल्या खांबांचं आणि पायांचं. मुठीत धरून हळूहळू फिरवलं तर कधीकधी ते अगदी किंचित लंबगोल जाणवतात. डोळ्याला हे दिसत नाही. तळहाताला समजतं. लाकूड मेलं तरी हलत राहतं, ही गोष्ट पुस्तकात वाचणं वेगळं आणि हातात येणं वेगळं.

पॉलिशकडे वळू, कारण सगळ्यात जास्त जुनी टेबलं इथे मारली जातात. फ्रेंच पॉलिश एकोणिसाव्या शतकात सर्वत्र पसरलं. ते लाखेचं, म्हणजे झाडाच्या फांद्यांवर राहणाऱ्या इवल्या किड्यांनी स्रवलेल्या राळेचं, स्पिरिटमध्ये विरघळवून पातळ थरांवर थर देत चढवलेलं. १९२० च्या दशकापासून कारखान्यांत नायट्रोसेल्युलोज लॅकर या लवकर वाळणाऱ्या वॉर्निशची फवारणी सुरू झाली. ओळखायचं असेल तर खालच्या न दिसणाऱ्या जागी कापसाच्या बोळ्याने स्पिरिटचा एक ठिपका लावावा. मऊ पडून चिकट झालं तर बहुधा लाख. या एका माहितीचा पुढे रोज उपयोग होतो, कारण लाखेच्या पॉलिशवर अत्तराची बाटली गळली किंवा सॅनिटायझर सांडला तर तो डाग वर बसत नाही, पॉलिशच विरघळतं. पलंगाजवळच्या टेबलावर आज या दोन्ही वस्तू सर्रास असतात. त्यांना खणात ठेवा किंवा खाली एक ताटली द्या.

ओल्या पेल्याचं पांढरं वर्तुळ मात्र घाबरण्यासारखं नसतं. पॉलिशच्या किंवा मेणाच्या थरात दमट हवा अडकलेली असते आणि जाणकार माणूस ती बहुतेकदा काढू शकतो. काळं वर्तुळ वेगळं. ते लाकडात उतरलेलं असतं, आणि ओकसारख्या टॅनिन (लाकडातलं तुरट द्रव्य) भरपूर असलेल्या लाकडात लोखंडाचा ओला स्पर्श झाला की असा काळा डाग पडतो. तो काढायला निघालात तर आजूबाजूचं बरंच काही खरवडावं लागतं. मी अशा डागांना हात लावू देत नाही. विशेषतः टॉपवर व्हिनियर, म्हणजे चांगल्या लाकडाचा चिकटवलेला पातळ पापुद्रा, असेल तर पॉलिश पेपर दूर ठेवलेला बरा. जुनं हाताने कापलेलं व्हिनियर दीड-दोन मिलिमीटर जाड असू शकतं, पण नंतरचं यंत्राने सोललेलं मिलिमीटरहूनही पातळ असतं आणि घासता घासता खालचं लाकूड कधी डोकावलं ते कळतही नाही. ज्या तुकतुकीत, मुरलेल्या रंगासाठी आपण जुनं टेबल घेतो तो रंग वरच्या त्याच पातळ थरात आहे. तो घासून काढला की नवीन टेबल घेतलं असतं तरी चाललं असतं. रंगवलेलं जुनं टेबल असेल तर घासण्याविरुद्ध आणखी गंभीर कारण आहे. जुन्या तैलरंगांत शिसं असायचं. अमेरिकेत घरगुती रंगांतून ते १९७८ मध्ये हद्दपार झालं. त्या रंगाची धूळ मुलांच्या पोटात जाणं धोक्याचं आहे. तपासणी झाल्याशिवाय त्याला खरवडू नये, आणि सोलून पडणाऱ्या रंगाचं टेबल लहान मुलांच्या खोलीत मुळीच नको.

डुगडुगणारा पाय हे टेबल नाकारायचं कारण नाही. जुने सांधे सरसाने, म्हणजे प्राण्यांच्या कातडी-हाडांपासून केलेल्या गोंदाने, जोडलेले असत. सरस ऊब आणि ओलावा मिळाला की मऊ होतो, सांधा न मोडता उघडतो, साफ करून पुन्हा सरसानेच बसवता येतो. अडचण होते ती मधल्या काळात कोणी घाईने केलेल्या दुरुस्तीची: सांध्यात ठोकलेला खिळा, भसाभस भरलेली पुट्टी, न सुटणारा आधुनिक गम. पाय हलवून बघताना मी हेच शोधते. सुटा झालेला प्रामाणिक सांधा चालेल, खिळ्याने फाटलेला नको.

किडीबद्दल थोडक्यात. फर्निचरमधल्या भुंग्याने पाडलेली भोकं साधारण एक ते दोन मिलिमीटरची असतात. कडा काळपट आणि आत काही नसेल तर तो जुना इतिहास. कडा फिक्या आणि भोकाखाली ताजी पिठासारखी भुकटी असेल तर आत अळ्या आहेत, आणि त्या कित्येक वर्षं आत राहू शकतात. शंका असेल तर टेबल बाकीच्या लाकडापासून लांब, गडद कागदावर काही आठवडे ठेवा. भुकटी पडली तर कागद सांगेल. संग्रहालयं अशा वस्तू हवाबंद गुंडाळून उणे २० अंशांच्या आसपास दोन आठवडे गोठवतात. आपल्याकडे तेवढा फ्रीजर नसतो, म्हणून भुकटी पडणारं टेबल कितीही देखणं असलं तरी उपचार झाल्यावरच घरात घ्यावं.

लाकडाच्या जातीचाही एक मुद्दा आहे. ब्राझिलियन रोझवुडच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर १९९२ पासून जवळपास पूर्ण बंदी आहे. त्या लाकडाचं जुनं टेबल सीमेपलीकडे न्यायचं तर ते बंदीआधीचं असल्याची कागदपत्रं लागतात. घर बदलताना देश बदलण्याची शक्यता असेल तर हे आधीच विचारून ठेवावं.

घरी आल्यावर पहिला प्रश्न उंचीचा, आणि त्याचं उत्तर पुन्हा हातच देतो. सोफ्यावर रोज बसता तसे बसा, ताठ नाही, आणि हात बाजूला सोडा. टेबलाची फळी सोफ्याच्या हाताच्या उंचीइतकी किंवा दोन-चार सेंटिमीटर खाली असली की कप ठेवताना खांदा उचलावा लागत नाही. साधारण ५५ ते ६५ सेंटिमीटर. पलंगाजवळ गादीच्या वरच्या पातळीशी जुळणारी उंची बरी, कारण झोपलेला हात वर चढत नाही. जुनी टेबलं पुष्कळदा याहून उंच निघतात. ती शिवणकामासाठी, लिहिण्यासाठी, दिव्यासाठी केलेली होती. अशा टेबलाचे पाय कापायला सांगणारे लोक भेटतात. कृपा करून तसं करू नका. उंच टेबल ताठ पाठीच्या खुर्चीशेजारी ठेवा, तिथे ते आपोआप बसतं. तीन पायांच्या तिपाईवर जड दिवा ठेवणार असाल तर फळीच्या कडेवर तळहाताने दाबून पाहा. दोन पायांच्या मधल्या बाजूला ती कलंडू शकते. धावणारी मुलं किंवा मांजर असलेल्या घरात चार पायांचं रुंद टेबलच दिव्याला शोभेल.

दिव्याची उंचीही बसूनच ठरवावी. शेडची खालची कड बसलेल्या माणसाच्या डोळ्यांच्या पातळीला आली की बल्ब डोळ्यात जात नाही आणि उजेड पुस्तकावर पडतो. टेबल उंच असेल तर दिवा बुटका, टेबल बुटकं तर दिवा उंच.

सोफ्याच्या दोन बाजूंना दोन सारखी टेबलं असावीत हा आग्रह मला पटत नाही. दोन्ही बाजूंना बसणारी माणसं सारखी नसतात. एकाला पुस्तकं आणि वह्या ठेवायला खण लागतो, दुसऱ्याला फक्त पेल्यापुरती गोल फळी. उंची जवळपास सारखी ठेवली तर बाकी सगळं वेगळं असलं तरी डोळा ते सहज स्वीकारतो. जाडजूड, जमिनीपर्यंत टेकलेल्या सोफ्याशेजारी बारीक पायांचं टेबल हवं, म्हणजे खालून थोडी मोकळी जमीन दिसते. उंच पायांच्या हलक्या खुर्चीशेजारी ठोकळ्यासारखं भरीव टेबल किंवा जुनी पेटीही चालते. लाकडं एकमेकांशी जुळवताना रंगाची गडद-फिकी छटा एक असायची गरज नाही, पण त्यातली झाक बघावी. महोगनीची तांबूस झाक आणि ओकची पिवळसर झाक शेजारी शेजारी आल्या की दोघी एकमेकींना मळकट करतात. मधे सतरंजी, भिंत किंवा धातूचा दिवा असेल तर निभतं. वास्तुरचनाकार एअरो सारिनेन यांनी १९५७ च्या सुमारास एकाच खोडावर उभं राहिलेलं पांढरं टेबल केलं, ते खोलीतल्या टेबल-खुर्च्यांच्या पायांची गर्दी त्यांना खटकत होती म्हणून. दोन कातीव पायांच्या जुन्या खुर्च्यांमध्ये असं एकपायी टेबल ठेवून पाहा. दोन वेगळे काळ शेजारी आल्यावर दोन्ही जास्त नीट दिसतात.

वर काय मांडायचं? फोटोंमध्ये दिसतं त्याच्या निम्म्याहून कमी. एक दिवा, एक लहान वाडगं ज्यात चष्मा किंवा किल्ल्या पडतील, फार तर एक पुस्तक. उरलेली जागा रिकामी हवी, निदान एक कप आणि एक उघडं पुस्तक मावेल एवढी. मांडलेल्या वस्तू हलवल्याशिवाय पेला ठेवता येत नसेल तर ते टेबल राहिलंच नाही. कुंडी ठेवायची हौस असेल तर खाली खोलगट ताटली आणि तिच्याखाली फेल्टचा तुकडा हवा. मातीच्या कुंडीच्या तळातून ओल झिरपते आणि महिनाभर कळत नाही. फळीच्या मापाची काच टाकावी असं बरेच जण सुचवतात. मी टाकत नाही. काचेखाली ओल अडकते, आणि मुख्य म्हणजे ज्या लाकडावर हात फिरावा म्हणून हे टेबल आणलं ते हातापासून तुटतं. कोस्टर पुरेत.

ऊन थेट पडणाऱ्या खिडकीजवळ जुनं लाकूड फिकं पडतं, आणि दिवा-वाडग्याच्या खालचा भाग तेवढा गडद राहतो. म्हणून वरच्या वस्तू अधूनमधून सरकवाव्यात. एसीच्या झोतासमोर किंवा हीटरला लागून टेबल ठेवू नये. आर्द्रता ४० ते ६० टक्क्यांच्या मधे स्थिर राहिली तर फळी तडकत नाही आणि व्हिनियर उचलत नाही. स्वच्छता म्हणजे कोरडं मऊ फडकं. वर्षातून एक-दोनदा मधमाश्यांच्या मेणाचा अगदी पातळ हात. चकाकीसाठी मिळणारे सिलिकॉनचे स्प्रे टाळा. पुढे कधी पॉलिश पुन्हा चढवायची वेळ आली तर सिलिकॉन ते नीट धरू देत नाही.

आणि एक काम टेबल घरात स्थिरावल्यावर लगेच करून टाकावं. एका चांगल्या कागदावर पेन्सिलीने लिहा: टेबल कुठून आणि कोणत्या साली आलं, विकणाऱ्याने त्याच्याबद्दल काय सांगितलं, स्पिरिटच्या ठिपक्याने काय दाखवलं, कोणता सांधा सरसाने पुन्हा बसवला, कोणता स्क्रू नवा आहे. कागद पाकिटात घालून खणात मागच्या बाजूला ठेवा. खण नसेल तर टॉपच्या खाली दोऱ्याने बांधा, लाकडावर चिकटवू नका. दुरुस्ती झाली की खाली एक ओळ वाढवा. पुढच्या सुताराला सगळ्यात आधी हेच विचारायचं असतं: आत कोणता गम आहे, आणि तो सुटतो का.